इनासभाऊ आणि चालू बंबाची पूजा

इनासभाऊंची आणि माझी पहिली ओळख माझ्या एका ओल्या पातळावरून झाली. लग्न होऊन मालवणकडून मी नुकतीच ओमानमधल्या सूरला आले होते. आमचे हे, म्हणजे कै. वासुदेव, तिथे गलबतं बांधण्याच्या कारखान्यात सुतार होते. कामगारांच्या वसाहतीत घरं फळ्यांची आणि पत्र्याची, अंगण म्हणजे नुसती वाळू, आणि दोरी बांधावी तर कुठे झाड नाही. चौकात मात्र लांब नाकाचा एक जुना लाल ट्रक उभा होता आणि त्याच्या पाठीवर चांगली ऐसपैस शिडी होती. मला वाटलं, काय सोय केलीय बायकांची! मी धुतलेलं पातळ शिडीवर पसरून मोकळी झाले. थोड्या वेळाने एक उंच, सावळे गृहस्थ दारात आले. दोन्ही हातांवर माझं पातळ देवीच्या ओटीसारखं धरलेलं. म्हणाले, "वहिनी, हे अजून वाळलं नाही. पण आग लागली तर आम्हाला असंच पळावं लागेल, आणि लोक म्हणतील बंबाची वरात निघाली."

मी लाजले, पण तोंड तेव्हाही गप्प बसत नव्हतं. म्हटलं, "मग पातळं वाळवायची कुठे ते सांगा." संध्याकाळी आमच्या दारासमोर दोन खांब रोवलेले होते आणि मधे दोरी ताणलेली होती. ते श्री. इनास डिमेलो. वसईचे, कारखान्याच्या गाड्यांचे चालक, आणि वसाहतीच्या बंबाचे सर्वेसर्वा. त्यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत म्हणून मस्कतचं आपलं मंडळ हा गौरवग्रंथ काढतंय. अध्यक्ष समीर यांनी मला सांगितलं, "काकू, तुम्हीही लिहा, पानभर, गोड गोड." मला अक्षरओळख नाही हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. मी बोलते आणि माझी सून नेहा लिहून घेते. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिही, वर साखर पेरू नकोस. गोडाचं म्हणाल तर मला मधुमेह आहे, आणि सध्या डोकं तापलेलं आहे.

का तापलंय ते आधी सांगते. सोहळ्याचं आमंत्रण द्यायला मंडळाचे लोक मस्कतच्या अल खौद भागात आमच्या घरी आले होते. इनासभाऊही हल्ली तिथे जवळच मुलाकडे राहतात, तेही आले होते. समीर यांनी कुरुमला नवं उपाहारगृह काढलंय आणि सूरमधला तो जुना बंब विकत घेतलाय. सोहळ्याच्या दिवशी तो उपाहारगृहाच्या दारात उभा करायचा आणि इनासभाऊंच्या हस्ते फीत कापायची, असा बेत. इथपर्यंत मीही टाळ्या वाजवल्या. मग समीर यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं.

"हे बघा काकू, मागच्या टाकीत माती भरून फुलझाडं. आणि पुढचं इंजिन काढून तिथे कॉफीचं यंत्र. बॉनेट उघडलं की गरम कॉफी!"

मी म्हटलं, "आणि इंजिन?"

"भंगारात. तसंही ते वेळेवर कधी सुरू झालंय? सूरच्या जुन्या माणसांना विचारा. त्या दसऱ्याच्या आगीतही गाडी सुरूच झाली नाही. काका स्वतःच सांगतात. हो ना काका?"

इनासभाऊंच्या हातात बटाटावडा होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "हो. नाही झाली."

आणि मग त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मी ओळखते. ती म्हणते, वहिनी, गप्प बसा. मी बसले. पाहुण्यांपुढे बसले. या ग्रंथात बसणार नाही.

आता ज्यांनी बंब फक्त मोबाइलवर बघितलाय त्यांच्यासाठी सांगते. त्या काळी सरकारी बंब सूरपासून लांब असायचा. तो येईपर्यंत आमची वसाहत चुलीतल्या काटक्यांसारखी संपली असती. कारखान्यात चहूकडे लाकडाचा भुसा, तेल, डांबर, आणि त्याला लागून आमची घरं. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणायचे, ते शहाणे गृहस्थ. एका बंदराने टाकून दिलेला बंब त्यांनी उचलून आणला आणि विचारलं, "कोण चालवणार?" पगार नाही, वर्दी नाही, वर शुक्रवारची सुट्टी जाणार. इनासभाऊ पुढे झाले. मग आमचे हे, मग दोन सुतार, बर्फाच्या कारखान्यातले वसईचेच दोघे, आणि मेसचा स्वयंपाकी. ही आमची बंबवाली मंडळी. चौकात रुळाचा एक तुकडा टांगला होता. तो वाजला की हातातलं काम टाकून पळायचं. आम्हा बायकांकडे ओली पोती. प्रत्येकीच्या दाराशी पिंपात गोणपाट भिजत घातलेलं असायचं, आणि इनासभाऊ येता-जाता पिंपात हात बुडवून बघायचे. माझं एकदा कोरडं सापडलं, तर म्हणाले, "वहिनी, याच्यावर पापड वाळवता का?"

दर शुक्रवारी दुपारी सराव. समुद्राचं पाणी खेचायचं आणि अर्धवट बांधलेल्या गलबतांवर फवारायचं, म्हणजे सरावही होई आणि उन्हाने फळ्याही तडकत नसत. मग गोड्या पाण्याने पंप धुवायचा, नाहीतर खारं पाणी लोखंड खातं. अर्बाब स्वतः खजूर आणि कावा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, घेऊन बघायला बसायचे. "यल्ला इनास!", म्हणजे चल, होऊ दे, म्हणाले की नळीतून असा फवारा उडायचा की किनाऱ्यावरच्या बकऱ्या पळत सुटायच्या. वस्तीत छोट्यामोठ्या आगी लागल्या, कुठे मेसमध्ये तेल पेटलं, कुठे कोणाची विडी भुशात पडली. प्रत्येक वेळी बंब गेला आणि आग विझवून आला. ज्यांच्या झोपड्या यांनी वाचवल्या त्यातलेच काही जण आज मस्कतला फ्लॅटमध्ये बसून "ती गाडी सुरू होत नव्हती" म्हणून हसतात. त्यांची नावं मला पाठ आहेत, पण नेहा म्हणते ग्रंथात शोभणार नाही.

बंबाची टाकी कायम गोड्या पाण्याने भरलेली असायची, आणि त्यातला तांब्याभर कोणाला मिळायचा नाही. माझ्या मुलाचं बारसं होतं तेव्हा पाण्याचा टँकर आला नव्हता. घरात पाहुणे, भांडी खरकटी, आणि चौकात टाकीभर पाणी उभं! मी बादली घेऊन गेले. म्हटलं, "इनासभाऊ, दोनच बादल्या. पोराचं बारसं आहे."

ते म्हणाले, "वहिनी, बारशाला मी कुठूनही पाणी आणीन. पण हे पाणी पोरासाठी ठेवलंय, बारशासाठी नाही."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही म्हणते. कंजूस म्हटलं एवढं आठवतं. ते निमूट गेले. खाडीपलीकडे एक विहीर होती, तिथून खांद्यावर कॅन भरभरून आणले. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. कॅन दारात ठेवून म्हणाले, "आता पोराचं नाव काय ठेवलंत ते तरी सांगा." तो पोर आता टकला झालाय आणि अल खौदला मला रोज कमी मिठाचं जेवण वाढतो.

आता त्या दसऱ्याकडे येते. मालवणी माणूस परमुलखात गेला तरी दसऱ्याला हत्यारं पुजणारच. सुतारांच्या पटाशा, रंधे, करवती, आणि त्यांच्या शेजारी बंबाची नळी, तिचं पितळी तोंड, कुऱ्हाड, आकडे. सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, हळदकुंकू, झेंडूची फुलं आमच्या मेसच्या स्वयंपाक्याने कुठून तरी पैदा केलेली. आणि मधोमध बंबाची किल्ली, फुलाखाली. पूजा आमचे हे सांगायचे. ज्या हत्याराची पूजा झाली ते त्या दिवशी उचलायचं नाही, हा आमचा कडक नियम. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मग हात लावायचा. कोणाच्या डोक्यात आलं नाही की आगीला दसरा कळत नाही. इनासभाऊंच्या डोक्यात आलं होतं. त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "दादा, किल्ली पूजेत ठेवायलाच हवी का?" आमचे हे म्हणाले, "किल्लीशिवाय बंबाची पूजा कसली?" ख्रिस्ती माणसाने हिंदूंच्या पूजेत तोंड घालू नये म्हणून ते गप्प राहिले.

पूजा नुकतीच झाली होती. प्रसादाची वाटी हातात होती आणि रूळ वाजला. कारखान्याच्या टोकाला डांबराची कढई उलटली होती आणि अर्ध्या बांधलेल्या गलबताने पेट घेतला होता. मंडळी पाटाकडे धावली. आमचे हे आडवे उभे राहिले, दोन्ही हात पसरून.

"थांबा रे! पूजेक हात लावू नकात! बादल्या घेवा!"

आणि ही धट्टीकट्टी माणसं थांबली हो! कोणी खाली बघतंय, कोणी बादली शोधतंय, कोणी माझ्याकडे बघतंय, जशी काही मी देवाची बहीण. मी ओरडले, "अहो, उचला किल्ली!" पण माझं कोण ऐकतंय. तिकडे धूर वाढत चाललेला. तेव्हा इनासभाऊ पुढे आले. त्यांनी चपला काढल्या. पाटासमोर हात जोडले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवा, मी तुझ्या घरचा नाही. मला तुझे नियम कोणी शिकवले नाहीत असं समज." आणि फूल बाजूला करून किल्ली उचलली.

एकदा किल्ली उचलली गेल्यावर बाकीच्यांनाही हात फुटले. बंब पहिल्याच झटक्यात सुरू झाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, तेव्हा आता कोणी मला सूरच्या जुन्या माणसांना विचारायला सांगू नये. मीच सूरचं जुनं माणूस आहे. नळी उलगडली, पाणी सुटलं, कारखाना वाचला, वसाहत वाचली. पण ते गलबत गेलं. आमच्या नियमाने जो वेळ खाल्ला त्यात ते गेलं. एका सुताराचा हात भाजला, तोही बादली घेऊन पुढे गेला होता म्हणून.

अर्बाब आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी एकच विचारलं, उशीर का झाला. आणि हेही सांगितलं की ज्याच्यामुळे उशीर झाला तो या आठवड्यात कायमचा गावी जाईल. आमचे हे मान खाली घालून उभे. आमचं पोर पाळण्यात, गावी सासरे अंथरुणावर. मी दारात उभी राहून बघत होते. यांचं तोंड उघडायच्या आत इनासभाऊ बोलले.

"गाडी सुरू झाली नाही, अर्बाब. चूक माझी. सकाळी तपासायला हवी होती."

बंब चालवणारा दुसरा माणूस नव्हता, म्हणून त्यांना घरी पाठवलं नाही. पण नाताळची रजा रद्द केली. त्या नाताळात वसईला त्यांच्या थोरल्या लेकीला चर्चमध्ये पहिला प्रसाद मिळायचा होता, आपल्याकडे मुंज असते तसा मोठा दिवस. पांढरा झगा शिवून तयार होता. बाप नव्हता. इनासभाऊंनी आम्हाला शपथ घातली की हे कोणी बोलायचं नाही. आमचे हे त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, "दादा, उठा. तुम्ही वाकलात तर लोक विचारतील का वाकले."

पुढच्या दसऱ्याला यांनी पाट मांडला आणि हात तसाच थांबला. तेव्हा इनासभाऊ म्हणाले, "दादा, पूजा करा. थाटात करा. पण किल्ली गाडीत राहील आणि गाडी चालू राहील." आणि त्या वर्षापासून वसाहत संपेपर्यंत आमच्याकडे चालू बंबाची पूजा झाली. इंजिन धडधडतंय, उदबत्तीचा धूर आणि डिझेलचा धूर एकात एक, आमचे हे घसा फोडून मंत्र म्हणताहेत आणि कोणाला एक अक्षर ऐकू येत नाहीये. आरतीला तर टाळ कशाला, पत्रेच वाजायचे. नमस्कार करायला वाकलं की कपाळाला इंजिनाची धग लागायची. दुसऱ्या कुठल्या दसऱ्याला मला देव इतका जागा वाटला नाही.

आणि लोकांनी त्याचं काय केलं? लोक म्हणायला लागले, "इनासची गाडी बंद केली तर परत सुरू होत नाही, म्हणून पूजेतसुद्धा चालू ठेवतात!" हसायचे. दर दसऱ्याला हसायचे. बंबाला 'नखरेल' नाव पडलं. ज्या चालू इंजिनाने सगळ्यांची घरं राखली तेच त्याच्या बदनामीचा पुरावा झालं. इनासभाऊ त्यांच्यासोबत हसायचे. आमचे हे नाही हसले कधी. शेवटच्या आजारपणात म्हणाले, "त्या गाडीक माझ्यामुळे बोल लागलो." तेवढंच.

पुढे सूरला सरकारी बंब आले, चकचकीत, शिकलेली माणसं घेऊन. चांगलंच झालं. आमची मंडळी आपापल्या वाटेने पांगली. अर्बाब गेले, त्यांच्या मुलाने बंब छपराखाली ठेवला, आणि इनासभाऊ मुलाच्या गाडीत बसून अधूनमधून शुक्रवारी सूरला जात राहिले. गेल्या थंडीत मला बरोबर नेलं होतं. बंबाला नुसती किल्ली लावली आणि इंजिन बोललं. पहिल्या झटक्यात. इनासभाऊंनी खिडकीतून वाकून मला विचारलं, "काय वहिनी, वाळत घालायला पातळ आणलंय का?" वयाची पंचाहत्तरी आली तरी माणसाला जुनी उणीदुणी सुचतात.

आणि हे इंजिन काढून तिथे कॉफी! फुलझाडांचं मी समजू शकते, टाकी तशीही आता गंजलीय. पण समीर, बाळा, ज्या इंजिनापायी या माणसाची लेक दुखावली, ज्याच्या नावावर त्यांनी दुसऱ्याची चूक वाहिली, ते तुम्ही भंगारात देणार आणि वर त्यांच्याच हातात कात्री देणार? आणि हा सत्कार? तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य. आता आहे.

त्या दिवशी घरी काय झालं तेही सांगून टाकते. निघताना इनासभाऊंनी खिशातून किल्ली काढून समीर यांच्यापुढे टीपॉयवर ठेवली. "भिंतीवर फ्रेममध्ये लावायची म्हणालात ना? घ्या." आवाज अगदी साधा. पण किल्लीवरून बोट काढायला त्यांना वेळ लागला, ते मी बघितलं. मंडळी फोटो काढण्यात गुंतली होती. मी बशा गोळा केल्या आणि बशांबरोबर किल्लीही गोळा झाली. सगळे शोधत होते. सोफ्याच्या गाद्या उचलल्या, एकजण तर खाली आडवा झाला. मी म्हटलं, "मिळेल हो, घरातच असेल. इन्शाल्ला."

मागे राहिले ते इनासभाऊ. त्यांनी माझ्या पदराची गाठ बघितली आणि मान हलवली.

"वहिनी, दादांचं नाव नको. गेलेल्या माणसाला कशाला..."

मी म्हटलं, "नवरा कोणाचा होता?"

"तुमचा."

"मग त्याच्या नावाचं काय करायचं ते मी बघते. तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत, पुष्कळ झालं."

चपला घालताना त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले, तो स्वच्छच होता. मी त्यांच्यावरही रागावलेच आहे. इतका चांगुलपणा बरा नव्हे, इनासभाऊ. त्याचा त्रास दुसऱ्यांना होतो.

तर मंडळाला माझं सांगणं एवढंच. सोहळ्याला मी येणार, नवं पातळ नेसून, वाळलेलं. निरांजनाचं तबक घेऊन इनासभाऊंना सगळ्यांच्या आधी मी ओवाळणार, आणि ओवाळून झाल्यावर पदराची गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातात देणार. बॉनेटखाली इंजिन असेल तर ते सगळ्यांसमोर बंब सुरू करतील आणि कोणाचं भाषण ऐकू येणार नाही, तीही मोठी कृपाच होईल. तिथे कॉफीचं यंत्र असेल तर मी अध्यक्षांनाच पुढे बोलावीन आणि म्हणेन, घ्या ही किल्ली, करा सुरू.

इनासभाऊ, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो, आणि ती शंभर वर्षं अंथरुणावर नकोत. गुडघे वाकते राहोत, नजर बंबाच्या शिडीपर्यंत पोचत राहो. वसईची नातवंडं तुमच्या भोवती गोंगाट करोत. रोज सकाळी अंगात तशीच ऊब येवो जशी दसऱ्याला कपाळाला लागायची, आणि तुम्ही पहिल्याच झटक्यात उठून बसा. दादांच्या वतीने हात मी जोडते. या वेळी वाकले तर लोकांना विचारू द्या, का वाकली. मी सांगेन.